हेलेनचं खारं पाणी: भिंती कापण्याआधी आणि कापल्यावर

प्रेषक: मंडळ कार्यकारिणी
२८ सप्टेंबर २०२४

नमस्कार मंडळी,

गुरुवारी रात्री हेलेन चक्रीवादळ फ्लोरिडातल्या आपल्या टॅम्पाच्या शंभरेक मैल पश्चिमेकडून गेलं. वारा त्या मानाने बेताचा, पण ट्रेझर आयलंड आणि मडेरा बीचच्या पट्ट्यात समुद्र थेट घरात आला. बेटावर जायची परवानगी मिळाली की आपल्या दोन गाड्या मदतीला निघतील. त्याआधी जाणकारांनी इथे कामाचा क्रम लिहावा, नाहीतर उत्साहात भलतंच काहीतरी फेकलं जाईल. शनिवारचा भोंडला पुढे ढकलला आहे.

*

प्रेषक: अ. जो.
२८ सप्टेंबर, संध्याकाळी

हातोडा गाडीतच राहू द्या, आधी मोबाइल काढा. प्रत्येक खोलीत भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते. तिच्याशेजारी मोजपट्टी उभी धरून फोटो घ्या. फ्रिज, वॉशर, ड्रायर आणि एसीचं बाहेरचं युनिट यांच्या पट्टीवरचा सीरियल नंबर वाचता आला पाहिजे. कार्पेट, पडदे, लाकडी फ्लोअरिंग टाकण्याआधी फूटभर तुकडा कापून झिपलॉकमध्ये ठेवा, वर खोलीचं नाव. ॲडजस्टर, म्हणजे नुकसान बघायला येणारा विमा कंपनीचा माणूस, येईपर्यंत घर तसंच सडू देऊ नका. नुकसान वाढू न देणं ही पॉलिसीधारकाचीच जबाबदारी असते, आणि बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात.

छप्पर शाबूत आणि पाणी खालून आलेलं, म्हणजे घराच्या विम्याची साधी होमओनर्स पॉलिसी हात वर करणार. क्लेम फ्लड पॉलिसीवर. एनएफआयपी या सरकारी पूरविम्यात घराला जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर, सामानाला १,००,०००. सामानाचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, तेव्हा पॉलिसीच्या डिक्लेरेशन पेजवर (कशाला किती कव्हर ते सांगणारं पान) 'कंटेंट्स'समोर आकडा आहे का ते बघा. हॉटेलचं बिल फ्लड पॉलिसी देत नाही. 'प्रूफ ऑफ लॉस', म्हणजे नुकसानीच्या रकमेचा दावा-अर्ज, सही करून ६० दिवसांत द्यायचा. मुदत वाढेल या आशेवर बसू नका.

आता पन्नास टक्क्यांचा नियम. हा कळेपर्यंत कुठेही सही नको. दुरुस्तीचा खर्च घराच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला की अख्खं घर आजच्या पूरनियमांत बसवावं लागतं, म्हणजे बहुतेक वेळा उचलावं तरी लागतं किंवा पाडावं तरी. बाजारभाव जमीन वगळून धरतात. बेटावरच्या जुन्या एकमजली काँक्रीट ब्लॉकच्या घरांत जमीन सोन्याची आणि घर मातीमोलाचं, त्यामुळे ही पन्नास टक्क्यांची मर्यादा फार लवकर गाठली जाते. तुम्ही-आम्ही फुकट केलेल्या मजुरीचीही किंमत त्यात धरली जाते, पण गाळ उपसणं आणि राडारोडा हलवणं धरत नाहीत. म्हणून कॉन्ट्रॅक्टरकडून सफाई आणि दुरुस्ती यांचे आकडे वेगवेगळे मागा. घर उचलायची वेळ आलीच तर फ्लड पॉलिसीतच 'आयसीसी' (घर नियमांत बसवण्याच्या खर्चाचं कव्हर) या नावाखाली ३०,००० डॉलरपर्यंत मिळू शकतात.

आणि डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला आपल्या खिशातून जाणारा वाटा, माफ करून देतो म्हणणारा कॉन्ट्रॅक्टर दारात आला तर दार लावून घ्या. फ्लोरिडात ते बेकायदा आहे.

*

प्रेषक: शि. पा.
२९ सप्टेंबर

ड्रायवॉल, म्हणजे आतल्या भिंतींच्या जिप्समच्या शीट, पाणी वातीसारखं वर ओढतं. दोन फूट पाणी आलं म्हणून दोन फुटांवर कापलं तर वरचा ओला पट्टा भिंतीतच राहतो. रेघेच्या वर किमान एक फूट जा. रेघ दोन-तीन फुटांवर असेल तर सरळ ४ फुटांवर कापा. शीटची रुंदी ४ फूट असते, पुढे नवीन शीट आडवी लावली की अख्खी बसते. पातं अर्ध्या इंचापेक्षा खोल घालू नका, मागे वायर आणि पाइप आहेत. ब्लॉकच्या भिंतीवर आतून लाकडी पट्ट्या आणि इन्सुलेशन असतं. ओलं इन्सुलेशन वाळत नाही, ते काढायचंच. किचन कॅबिनेट आणि बाथरूमच्या व्हॅनिटीमागची भिंत हमखास विसरली जाते, आणि महिन्याभराने वास तिथूनच येतो.

कापून झाल्या झाल्या पंखे लावू नका. पाणी खारं आहे. मीठ लाकडात राहिलं की हवेतला ओलावा ओढत राहतं आणि खिळे, मेटल प्लेट गंजवतं. आधी बागेच्या पाइपने स्टड (भिंतीतले उभे लाकडी वासे), खालची सिल प्लेट (तळाची आडवी लाकडी पट्टी) आणि फरशी गोड्या पाण्याने धुवा, मग डिटर्जंट आणि ब्रश, मग परत साधं पाणी. त्यानंतर पंखे आणि डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढणारं यंत्र). ब्लीच लाकडाच्या आत उतरत नाही, डाग फिका होतो आणि बुरशी आत तशीच राहते. ती घासूनच काढावी लागते, एन-९५ मास्क लावून. घर १९७८च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं, कोरडं सँडिंग करू नका.

भिंत बंद कधी करायची? पिनवाला मॉइश्चर मीटर सिल प्लेटमध्ये टोचा. १५-१६ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय नाही. इथल्या दमट हवेत दोन-तीन आठवडे सहज जातात. चौथ्या दिवशी नवीन ड्रायवॉल लावून देतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

*

प्रेषक: वि. कु.
२९ सप्टेंबर

दादा, पंखे कशावर चालवायचे ते राहिलं. आउटलेट जमिनीपासून फूट-सव्वा फुटावर असतात, म्हणजे दोन फूट पाण्यात सगळे बुडाले. बुडालेले आउटलेट, स्विच, ब्रेकर, जीएफसीआय (करंट गळला की वीज तोडणारे सॉकेट) वाळवून वापरता येत नाहीत, बदलावेच लागतात. भिंतीतली रोमेक्स वायरसुद्धा, कारण तिच्या आतला कागद पाणी लांबवर ओढतो. विजेच्या मुख्य पॅनेलला हात फक्त लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनने लावायचा.

जनरेटर घरापासून २० फूट लांब, धूर दार-खिडकीच्या उलट बाजूला. गॅरेजचं शटर उघडं ठेवून आत चालवणंही नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ड्रायरच्या सॉकेटमधून घरात उलटी वीज सोडण्याचा उद्योग तर कोणीच करू नका, त्याने खांबावरचा लाइनमन मरतो.

इलेक्ट्रिक गाडी खाऱ्या पाण्यात उभी होती? चार्जिंगला लावू नका, टो करून घरापासून ५० फूट दूर न्या. बॅटरीत मीठ गेलं की आग काही दिवसांनीही लागू शकते. गोल्फ कार्ट आणि ई-स्कूटरलाही हेच लागू.

*

प्रेषक: मे. स.
३० सप्टेंबर

आम्ही एच-१बीवर, भाड्याच्या घरात. फेमाचा (केंद्र सरकारची आपत्ती-मदत संस्था) काही उपयोग आहे का?

*

प्रेषक: अ. जो.
३० सप्टेंबर

रोख मदत नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि आश्रय मिळालेल्यांसारख्या काही गटांनाच मिळते, एच-१बी त्यात नाही. पण मूल इथे जन्मलेलं असेल आणि त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर असेल तर त्याच्या वतीने पालक अर्ज करू शकतात. भाडेकरूंना सामानासाठीही अर्ज करता येतो. रेंटर्स इन्शुरन्स असेल तर आधी तिथे क्लेम करा, त्यांचं नकारपत्र अर्जाला जोडावं लागतं. फेमाचे ७५० डॉलर म्हणजे कर्ज आणि मदत तेवढीच, असं व्हॉट्सॲपवर जे फिरतंय ते सोडून द्या. ती तातडीच्या गरजांची पहिली रक्कम आहे, कर्ज नव्हे, आणि मदत तेवढ्यावरच थांबते असंही नाही. निवारा आणि जेवण यासाठी व्हिसा कोणी विचारत नाही.

भिजलेला भारतीय पासपोर्ट इस्त्रीने वाळवू नका. तो 'डॅमेज्ड' प्रकारात नवीन काढावा लागतो, फ्लोरिडा अटलांटा कॉन्सुलेटकडे येतं.

*

प्रेषक: सु. ग.
१ ऑक्टोबर

स्वयंपाकघराचं मी लिहिते, कारण तिथे पोरं फार हळहळतात. फिरकीच्या झाकणाचा कुठलाही डबा किंवा बरणी पाण्याखाली गेली असेल तर आतलं टाका, मग ते गावाहून आलेलं लोणचं असो की गोडा मसाला. झाकणाच्या आट्यांत सांडपाणी शिरतं आणि ते धुता येत नाही. धातूचे सीलबंद कॅन चालतात: लेबल काढा, साबणाने धुवा, मग १ गॅलन पाण्यात १ टेबलस्पून बिनवासाचं ब्लीच घालून १५ मिनिटं बुडवा, आणि वर मार्करने आत काय आहे ते लिहा. स्टीलची भांडी, पितळी देव, समया साबणाने धुऊन लगेच पुसा. मीठ राहिलं की हिरवं धरतं. बिडाचा तवा घासून, तेल लावून परत तापवा. कुकरची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवीन घाला. लाकडी पोळपाट आणि प्लायचं देवघर मात्र जाऊ द्या.

पाणी उकळून प्या अशी सूचना असेल तर खळखळून उकळल्यावर १ मिनिट. गॅस नसेल तर १ गॅलनला ६ टक्केवाल्या ब्लीचचे ८ थेंब, आणि अर्धा तास थांबायचं. आणि पायाला जखम असेल त्याने गाळात उतरू नये. खाऱ्या कोमट पाण्यातला व्हिब्रियो हा जीवाणू जीवघेणा आहे, २०२२च्या इयन वादळानंतर फ्लोरिडातल्याच ली काउंटीत तेच झालं.

*

प्रेषक: शि. पा.
६ ऑक्टोबर

उद्याचं सगळं काम रद्द. मिल्टन हे नवं वादळ आखातात जोर धरतंय आणि रोख आपल्याच किनाऱ्याकडे आहे.

उघड्या भिंती उघड्याच राहू द्या. पुन्हा पाणी आलं तर त्या लवकर वाळतील. नवीन माल आत नेऊ नका. पंखे, डिह्युमिडिफायर, मीटर सगळं बेटाबाहेर आणा. रस्त्याकडेला राडारोड्याचे ढीग अजून तसेच पडून आहेत. त्यातले सुटे पत्रे, दारं, प्लायवूड वाऱ्यात उडतील, जमेल तेवढं गॅरेजमध्ये ओढा. पाणी वाहून जाण्याच्या जाळ्या मोकळ्या करा.

घरांचे फोटो आज पुन्हा काढा, छप्पर चारही बाजूंनी. फ्लड पॉलिसीत दोन वादळं म्हणजे दोन क्लेम आणि दोन डिडक्टिबल. या वेळी वाराही असेल, त्यामुळे कुठलं नुकसान कुठल्या वादळाचं हे दाखवता आलं पाहिजे.

झोन 'ए'तल्यांनी (सगळ्यात आधी रिकामा करायचा किनाऱ्याचा भाग) आदेशाची वाट न बघता निघावं. पूल बंद झाले की मागे फिरता येत नाही. लेकलँड, ऑर्लँडोकडच्यांनी किती जणांची सोय होईल आणि कुत्रं-मांजर चालेल का, ते आज रात्रीच इथे कळवा.