हॅलोविनला मुलांसाठी भीतिदायक दिसणारे पदार्थ घरी काय करता येतील?

प्रतापनगरची_आई: नमस्कार. यंदा ३१ ऑक्टोबरला शनिवार असल्यामुळे मुलीच्या वर्गातली बारा मुले सायंकाळी ५ वाजता आमच्याकडे येणार आहेत आणि पानात वाढलेली प्रत्येक गोष्ट भुताखेतांची दिसली पाहिजे, असा तिचा हट्ट आहे. मुले सात-आठ वर्षांची आहेत, त्यातली काही अंडे खात नाहीत आणि एकाला बदाम, काजू, शेंगदाणे अजिबात चालत नाहीत. घरी ओव्हन नाही. खर्च १,२०० रुपयांच्या आत बसवायचा आहे. कृपया अनुभवाचे सांगावे.

इतवारीची_सून: डब्यातले रसगुल्ले आणा. हलक्या हाताने पाक पिळून काढा, वर सुरीच्या टोकाने छोटी खाच पाडा आणि तिच्यात काळा मनुका बसवा. मग टूथपिक बीटच्या रसात बुडवून बारीक लाल शिरा ओढा. हे मात्र वाढण्याच्या अगदी आधी करावे, कारण रसगुल्ला रस शोषून घेतो आणि अर्ध्या तासात शिरा पसरून सगळा डोळा गुलाबी होतो. आमच्याकडे मुलांनी सर्वांत आधी हेच संपवले.

धरमपेठकर: मुलांना आयुष्यभर लक्षात राहायला हवे असेल, तर काटकसर करू नये. आम्ही काळ्या क्रीमचा दोन किलोचा केक खास सांगून करवून घेतला होता आणि सरबताच्या भांड्यात ड्राय आइस टाकून टेबलभर धूर केला होता. इमारतीतले लोक अजून त्याची आठवण काढतात.

निवृत्त_रसायन_शिक्षिका: धरमपेठकर, ड्राय आइस कृपया कोणालाही सुचवू नका. त्याचे तापमान उणे ७८ अंश सेल्सिअस असते आणि एखादा तुकडा पेल्यात उतरून मुलाच्या तोंडात गेला, तर जीभ व घसा भाजल्यासारखे होतात. २०२४ च्या मार्चमध्ये गुरुग्राममधल्या एका उपाहारगृहात मुखवास समजून तो खाल्लेल्या ग्राहकांना रुग्णालयात न्यावे लागले होते. काळ्या क्रीमबद्दलही माझे मत चांगले नाही, कारण तेवढा गडद रंग आणायला भरपूर खाद्यरंग लागतो. आपल्याकडे कृत्रिम रंग मोजकेच मान्य आहेत आणि बहुतेक पदार्थांत त्यांची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम आहे. त्यापेक्षा गोकर्णाची निळी फुले गरम पाण्यात भिजवून गाळा, साखर घाला आणि मुलांसमोर लिंबू पिळा. निळे पाणी क्षणात जांभळे होते. चेटकिणीचे सरबत म्हणून याहून चांगले काही नाही आणि फुले शेजारच्या कुंपणावर फुकट मिळतात.

महालातले_काका: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘इडा-पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत सारे नागपूर काळी-पिवळी मारबत, म्हणजे दुष्ट शक्तींचे मोठाले पुतळे, मिरवत काढते. एवढे भीतिदायक आपल्याच गावात असताना परदेशी भुतांना जेवायला कशाला बोलवायचे, हे मला समजत नाही.

इतवारीची_सून: काका, मारबत पाहायला ही मुले जातातच. इथे प्रश्न शनिवारच्या खाण्याचा आहे.

बेकिंग_वेडी_नागपूर: नानकटाईच्या पिठाची बोटे करा आणि टोकाला बदामाचे नख लावा. पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग भाजा, नाहीतर ऑक्टोबरच्या उष्म्यात तूप सुटून बोटे पसरतात. माझ्या ओव्हनमध्ये १६० अंशांवर फार सुरेख होतात.

प्रतापनगरची_आई: ताई, ओव्हन नाही आणि बदाम चालत नाही.

बेकिंग_वेडी_नागपूर: मग छोटा ओव्हन घेऊनच टाका. दिवाळीलाही उपयोगी पडेल.

संत्रा_बाग_काटोल: आंबिया बहाराची संत्री या दिवसांत बाजारात येऊ लागतात, तेव्हा नागपुरात भोपळा कोरत बसण्याचे कारणच नाही. संत्र्याचा वरचा भाग कापा, चमच्याने गर काढा आणि सालीवर डोळे-तोंड कोरा. ही भुते शोभेपुरतीच ठेवा. काढलेल्या गराच्या रसाची जेली करायची तर वाटीत लावा, कारण कोरलेल्या तोंडातून ती गळते. जिलेटिन नको, ते प्राणिजन्य असते आणि आपल्याकडच्या उकाड्यात वितळते. चायना ग्रास आधी पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा आणि मग कोमट केलेला रस घाला. फ्रिजमधला गार रस ओतला, तर लगेच गुठळ्या होतात.

सक्करदऱ्याचा_मामा: रसगुल्ल्याचे डोळे उत्तम दिसतात, आम्हीही केले होते. पण सायंकाळी ५ वाजता मुले भुकेली असतात आणि सगळेच गोड ठेवले, तर दोन घासांत कंटाळतात. तर्री-पोहे, म्हणजे वर झणझणीत लाल रस्सा ओतलेले पोहे, करा. पोहे म्हणजे अळ्या, तर्री म्हणजे रक्त आणि तिच्यातला काळा हरभरा म्हणजे किडे.

निवृत्त_रसायन_शिक्षिका: सात वर्षांच्या मुलांना तर्री? डोळ्यांतून पाणी येईल.

इतवारीची_सून: मीही हेच म्हणते. घरोघरीच्या मुलांना तेवढे तिखट सोसत नाही. रसगुल्लेच करा.

धरमपेठकर: तर्री-पोहे तर सकाळी कोपऱ्यावरच्या ठेल्यावरही मिळतात. पार्टीत त्याचे काय अप्रूप?

प्रतापनगरची_आई: सर्वांचे मनापासून आभार. बहुतेकांचा विरोध असला, तरी मी तर्री-पोहेच करणार आहे. तर्रीला टोमॅटो व किसलेल्या बीटचा दाट रस्सा करीन, रंगासाठी काश्मिरी मिरची थोडीच घालीन आणि हरभरा बोटाने दाबला की फुटेल इतका मऊ शिजवीन. पोह्यांत शेंगदाणे घालणार नाही. मुलीला तर्री वाटीत वेगळी हवी आहे, म्हणजे प्रत्येकाला आपले रक्त आपणच ओतता येईल. सोबत गोकर्णाचे सरबत ठेवीन. संत्री मी कोरणार नाही. ती आख्खीच ठेवून सालीवर मुलांकडून पेनाने भुतांची तोंडे काढून घेईन आणि जाताना ज्याचे भूत त्याने सोलून खावे, असे ठरले आहे. हिशेब केला, तर सगळे मिळून ८०० रुपयांच्या आत बसते आहे. गोकर्णाची फुले साधारण किती लागतील, एवढे बाईंनी सांगितले तर बरे होईल.

निवृत्त_रसायन_शिक्षिका: पेल्यामागे चार-पाच फुले घ्या आणि हिरवे देठ काढून टाका. लिंबू शेवटी, प्रत्येकाच्या पेल्यात वेगळे पिळा.