मदत हवी आहे: कॅप्सूल एंडोस्कोपीचा मराठी संमतीफॉर्म (मिरज-सांगली)

मिरजेतल्या एका केंद्रासाठी हा फॉर्म चाललाय. वैद्यकीय भाग झालाय: आतडं आतून बघायला गिळायची कॅमेऱ्याची गोळी, साधारण 26 मिमी लांब, 11 मिमी जाड, बॅटरी 8 तासांच्या आसपास, फोटो हजारोंनी. लहान आतड्यातला रक्तस्राव शोधायला याला तोड नाही. आतडं अरुंद असल्याची शंका असेल तर आधी विरघळणारी चाचणी-गोळी. नाहीतर कॅमेरा अडकू शकतो. तो शौचावाटे पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय बंद.

अडलंय माहितीच्या कलमावर. चित्रं रेडिओलहरींनी कमरेच्या रेकॉर्डरवर जातात, तिथून कॉम्प्युटरवर. हवेतून चोरी होण्याची भीती सगळे घालतात, पण गळतीच्या जागा साध्या आहेत: रेकॉर्डर न पुसताच पुढच्या पेशंटला, फाइलला पेशंटचंच नाव, आणि दुसरं मत घ्यायला क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर. फाइलचं नाव बदललं तरी फ्रेमच्या कोपऱ्यात छापलेलं पेशंटचं नाव तसंच राहतं!

2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. मग पेशंटने "व्हिडिओ पुसा" म्हटलं तर? 2002 च्या वैद्यकीय नियमांत आंतररुग्णांचे (दाखल झालेल्यांचे) कागद 3 वर्षं ठेवायचे आहेत. ही तपासणी मात्र बहुधा ओपीडीतच उरकते. उपचाराची संमती आणि क्लिप शिकवायला वापरण्याची संमती, दोन वेगळ्या सह्या घ्याव्यात असं माझं मत.

कुणाकडे वापरातला मराठी मसुदा आहे का? पेशंटचं नाव झाकून पाठवा. आणि फ्रेमवरचं नाव काढून व्हिडिओ एक्स्पोर्ट करायची सोय तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे सापडली?