जिंजाच्या प्लगइनमध्ये स्ट्रिंगमधून तारीख वाचण्याची सोय कशी करावी?

प्रश्न
जिंजासाठी, म्हणजे साच्यात (टेम्प्लेटमध्ये) माहिती भरून मजकूर तयार करणाऱ्या पायथनच्या साधनासाठी, मी एक प्लगइन सांभाळतो. त्यातील फिल्टर पायथनचा डेटटाइम ऑब्जेक्ट घेऊन हव्या त्या स्वरूपात तारीख छापतो. परंतु वापरणाऱ्यांची बरीचशी माहिती जेसन या मजकूर-स्वरूपातून येते, आणि जेसनमध्ये तारखेचा स्वतंत्र प्रकारच नसल्याने फिल्टरच्या हाती साधी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, पडते. त्यातील तारीख ओळखण्यासाठी डेटयुटिल या पायथन लायब्ररीचा पार्सर (मजकुरातून तारीख वाचणारा भाग) फिल्टरमध्येच जोडावा, असा विचार आहे. हे योग्य ठरेल का?

उत्तर १
माझ्या मते जोडू नये. डेटयुटिल मुळात महिना आधी धरतो, त्यामुळे ०३/०४/२०२४ म्हणजे ४ मार्च ठरतो. मात्र १३/०४/२०२४ मध्ये तेरावा महिना संभवत नसल्यामुळे तीच रचना तो मुकाट्याने १३ एप्रिल अशी वाचतो. एकाच रकान्यातल्या दोन नोंदी दोन वेगळ्या नियमांनी वाचल्या जातात, एररही येत नाही, आणि चुकीची तारीख थेट छापील पानावर जाते. 'डेफर्स्ट' हा दिवस आधी धरण्याचा पर्याय दिला तरी अंदाज बांधणे थांबत नाही, फक्त त्याची दिशा उलटते. नुसते '१०' आले तरी चालू महिन्याची १० तारीख मिळते, हे तर मला अधिकच घातक वाटते.

त्यापेक्षा तारीख वाचणारा फिल्टर वेगळा ठेवावा, छापणाऱ्या फिल्टरला हात लावू नये आणि टेम्प्लेटमध्ये दोन्ही एकापुढे एक जोडू द्यावेत. वाचणाऱ्या फिल्टरला स्वरूप सांगणे बंधनकारक असावे. अपवाद केवळ आयएसओ ८६०१ चा, म्हणजे वर्ष-महिना-दिवस अशा ठरलेल्या क्रमाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा.

उत्तर २
सहमत आहे. आयएसओसाठी पायथनमधील 'फ्रॉमआयएसओफॉरमॅट' पुरेसे आहे, परंतु ते ३.७ मध्ये आले असले तरी शेवटी 'झेड' (यूटीसी वेळेची खूण) असलेली वेळ ३.११ पासूनच स्वीकारते. जुन्या आवृत्त्यांना आधार द्यायचा असेल, तर 'झेड'च्या जागी शून्य ऑफसेट (+००:००) घालावा लागेल. टाइमझोन असलेल्या आणि नसलेल्या वेळा एकाच यादीत आल्या, तर क्रम लावताना टाइपएरर येतो. म्हणून टाइमझोन नसलेल्या वेळेला कोणता लावायचा, हे प्लगइनच्या सेटिंगमध्ये स्पष्टपणे विचारावे.

प्रश्नकर्ता
स्वतंत्र फिल्टरची कल्पना पटली. तारखेची जागाच रिकामी आली तर काय करावे?

उत्तर १
नन (पायथनमध्ये 'काहीच नाही' दर्शवणारे मूल्य) किंवा रिकामी स्ट्रिंग आल्यास नन परत द्यावे आणि छापणाऱ्या फिल्टरने त्याजागी काहीही छापू नये. परंतु मजकूर आहे आणि तो सांगितलेल्या स्वरूपात बसत नाही, अशा वेळी एररच द्यावा, व त्यात मूळ स्ट्रिंग आणि अपेक्षित स्वरूप दोन्ही दाखवावे.