फिजिओ क्लिनिकला सॉफ्टवेअर घ्यावं का वहीच बरी?

परभणीकर_फिजिओ:
नमस्कार मंडळी, परभणीत माझं लहान क्लिनिक आहे, दोन बेड, एक आयएफटी (दुखण्यावर करंट द्यायचं मशीन), एक अल्ट्रासाऊंड (उपचाराचं, सोनोग्राफीचं नाही), बस. सगळं वहीत चालायलंय. आता सॉफ्टवेअरवाले रोज डेमो द्यायलेत पण त्यात सगळं एमबीबीएसवाल्यांच्या हिशोबानं, बीपी, शुगर, गोळी सकाळ-संध्याकाळ. मला पाहिजे गुडघा किती अंश वाकतो, दुखणं दहापैकी किती, आज कितवं सिटिंग. टायपिंगच करत बसलो तर पेशंटला हात कधी लावायचा? कोणी वापरायलं का खरंच?

लातूर_ओपीडी:
सर, पहिलं विचारा की टेम्प्लेट म्हणजे नोंदीचा साचा आपलं आपल्याला बनवता येतं का, नाही म्हणले की चहा पाजून वाटेला लावा. माझं टेम्प्लेट एवढंच: व्हीएएस (दुखणं किती) 0 ते 10, आरओएम (सांधा किती हलतो) अंशात डावं-उजवं, एमएमटी (स्नायूची ताकद) 0 ते 5 आणि ट्रीटमेंटवर टिक. बाकी कहाणी पहिल्या दिवशी लिहायची, रोज नाही. अन् ते मागची नोंद कॉपी करायचं बटण असतं ना, ते लई घातक, पेशंट पळायला लागला तरी रेकॉर्डवर दुखणं 8 च. ट्रीटमेंट कॉपी करा, आकडे नाही. गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) लावूनच भरा.

बीडची_ताई:
आमच्याकडं वहीचा खरा वांधा ऊसतोडवाल्यांचा. कंबरदुखी अर्धवट सोडून दिवाळीच्या सुमाराला टोळीसंगं कारखान्यावर जातात, परत यायला उन्हाळा उजाडतो, अन् मधी तिकडं कोण्या डॉक्टरनं काय केलं ते त्यांनाबी सांगता येत नाही. म्हणून आभा, म्हणजे सरकारी हेल्थ खातं, जोडणारं सॉफ्टवेअरच बघा, पेशंटचा 14 अंकी नंबर असतो, पेशंटनं संमती दिली की दुसरीकडचा रेकॉर्ड दिसतो, अर्थात तिकडच्यांनी जोडला असंल तरच. तुमच्या क्लिनिकची हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीत (दवाखान्यांच्या सरकारी यादीत) नोंद लागंल. अडचण एकच, मोबाईल पोराकडं पुण्याला अन् ओटीपी तिकडं जातो 😅 म्हणून पहिल्या सिटिंगलाच नंबर कोणाचा ते विचारून घ्या.

परभणीकर_फिजिओ:
ताई हे लई कामाचं सांगितलं. पण लाईट गेली अन् नेट गेलं की काय? आमच्याकडं उन्हाळ्यात काही भरवसा नाही.

नांदेड_रिहॅब:
ऑफलाईन चालणारं घ्या, नेट आलं की आपोआप वर चढतं. डेमोला वायफाय बंद करून दाखवा म्हणा, तिथंच कळतं. दुसरं म्हणजे कंपनी बंद पडली किंवा तुम्हीच सोडली तर सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून देणार का हे लेखी घ्या, तोंडी नको. रिसेप्शनच्या पोरीला वेगळं लॉगिन द्या, तिला अपॉइंटमेंट अन् पैसे दिसले बस झालं. लोकांची खासगी माहिती जपायचा 2023 चा डेटा कायदा आलाय, एक्सरेचे फोटो स्टाफच्या व्हॉट्सॲपवर फिरवायचं बंद करा. जुन्या वह्या भरत बसू नका, नवे पेशंट तेवढे सॉफ्टवेअरवर घ्या.

लातूर_ओपीडी:
+1. आणि टॅबलेट घ्या, लॅपटॉप नको, बेडजवळ उभं राहूनच आकडे भरता येतात.