गाभा धरा, बाकीचं बदला

सिद्ध झालेला आरोग्य कार्यक्रम आपल्या लोकांसाठी जुळवून घेताना त्यात जराही बदल केला की त्याचा पुरावा वाया जातो, असं काहीजण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. आधी शोधायला हवं की त्यात गुण नेमका कशाने येतो.

अमेरिकेतला मधुमेह प्रतिबंधाचा कार्यक्रम घ्या. वजन ७ टक्के घटवायचं, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा; २००२च्या निष्कर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मूळ चाचणीत मार्गदर्शन एकेकट्याला मिळायचं, जे खर्चिक होतं. पुढे तेच गटात दिलं गेलं, पण उद्दिष्टं आणि खाण्याची रोजची नोंद सोडली नाही.

मला त्याहून जवळचं वाटतं ते झिम्बाब्वेतलं काम. हरारेच्या दवाखान्यांबाहेर लाकडी बाकावर प्रशिक्षित आजीबाई बसतात, शेजारी बसलेल्या माणसाचं ऐकून घेतात. तिथे 'नैराश्य' हा शब्द लोकांच्या तोंडी नव्हता, म्हणून शोना भाषेतला 'कुफुंगिसिसा', म्हणजे अतिविचार, हा शब्द घेतला. अडचणी मांडायच्या, त्यातली एक निवडायची, तिच्यावर उपाय ठरवायचा, ही उपचाराची पद्धत मात्र कायम राहिली. २०१६च्या चाचणीत त्याचा स्पष्ट फायदा दिसला.

नुसतं भाषांतर करून पत्रकं वाटणं म्हणजे जुळवून घेणं नव्हे, हे मी कळकळीने सांगतेय. आणि काय बदललं, का बदललं, हे त्याच दिवशी वहीत लिहा. नाहीतर सहा महिन्यांनी गुण आला नाही, तर दोष कार्यक्रमाचा की आपल्या बदलाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.