लिफ्टमध्ये पाय न ठेवणारी देशी कुत्री आणि सहा आठवड्यांचा तात्पुरता सांभाळ

नेरुळवासी:

नमस्कार. आम्ही नेरुळमध्ये सातव्या मजल्यावर राहतो. घरात मी, माझा नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे चौघे आहोत. नऊ दिवसांपूर्वी एका प्राणिमित्र संस्थेच्या कार्यकर्तीच्या विनंतीवरून आम्ही एक देशी कुत्री सहा आठवड्यांसाठी सांभाळायला आणली. पाम बीच रस्त्यालगत गाडीची धडक बसून तिचा मागचा उजवा पाय मोडला होता. प्लास्टर निघाले आहे, पण हाड पूर्ण भक्कम होईपर्यंत आणखी महिनाभर तिला जिना चढू-उतरू द्यायचा नाही, असे पशुवैद्यांनी बजावले आहे. वय अंदाजे दोन वर्षे, वजन १६ किलो, निर्बीजीकरण झालेले, रेबीजची लस दिलेली. रंगावरून मुलाने तिचे नाव तांबू ठेवले आहे.

अडचण लिफ्टची आहे. दार उघडले की ती मान खाली घालून उंबऱ्याच्या फटीचा वास घेते, खालून येणारा वारा नाकाला लागताच अंग मागे ओढते, शेपूट पोटाशी घेते आणि नखे लादीवर रोवते. मागे कोणी लिफ्टसाठी ताटकळत असेल तर आमचीच घाई होते आणि मग माझा नवरा तिला उचलून आत नेतो. पहिले काही दिवस उचलल्यावर ती लाकडासारखी ताठ व्हायची. परवा सकाळी मात्र ती दबक्या आवाजात गुरगुरली. काल तिचे खाण्याचे भांडे बाजूला सरकवताना पुन्हा तेच झाले. एवढे करून खाली नेले तरी ती भेदरून काहीच करत नाही, आणि वर आल्यावर गॅलरीतल्या पायपुसण्यावर लघवी करते. फिनेलने पुसले तरी दुसऱ्या दिवशी तीच जागा. उरलेला सगळा वेळ ती कपडे धुण्याच्या यंत्रामागे बसून काढते.

मारायचे नाही, एवढे आम्ही ठरवले आहे. परंतु घरात लहान मूल आणि वयस्कर माणूस असताना गुरगुरण्याकडे कसे पाहावे, आणि सहा आठवड्यांनी दुसऱ्या घरी जाणाऱ्या कुत्रीला आपण नेमके काय शिकवावे, हे समजत नाही. ज्यांनी असा सांभाळ केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

घोडबंदरकर:

ताई, मी घोडबंदर रस्त्यावर अठराव्या मजल्यावर राहते आणि गेल्या आठ वर्षांत अकरा कुत्र्यांचा असा सांभाळ केला आहे, त्यामुळे तुमचा उंबरठा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

पहिली विनंती अशी की तिला उचलून लिफ्टमध्ये नेणे आजपासून थांबवा. जी कुत्री दोन वर्षे उघड्यावर वाढली, जिला धोका दिसताच पळून जाता येत होते, तिला चारही बाजूंनी बंद होणाऱ्या आणि पायाखाली हलणाऱ्या पेटीत जबरदस्तीने नेले की तिला दोन गोष्टी शिकायला मिळतात: पेटी वाईट आहे, आणि उचलणारी माणसेही भरवशाची नाहीत. त्यातली दुसरी अधिक महागात पडते. शिवाय माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. आपल्याला शांत वाटणाऱ्या लिफ्टमधल्या पंख्याची आणि यंत्राची बारीक शीळ तिला ऐकू येत असण्याची दाट शक्यता आहे.

मग तोवर शी-शूचे काय? त्याची सोय गॅलरीतच करा. एक पसरट प्लास्टिकचा ट्रे घ्या, त्यात गोणपाट अंथरा, त्यावर खालच्या बागेतली माती आणि थोडे गवत पसरा आणि तिने ओले केलेले पायपुसणे एक दिवस त्यावर ठेवा. रस्त्यावरच्या कुत्रीला माती, गवत आणि खरखरीत पृष्ठभाग हीच आपली जागा वाटते. पायपुसणे तिने त्याच कारणाने निवडले आहे. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर आणि दुपारच्या झोपेनंतर लगेच तिला तिथे न्या, आणि काम झाले की त्याच क्षणी खाऊ द्या, घरात परत आल्यावर नव्हे. फिनेलने आपल्या नाकाचे समाधान होते, तिच्या नाकाला खालचा वास तसाच येतो. लघवीचा वास मोडणारे एन्झाइमयुक्त द्रावण पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळते, ते वापरा, आणि अमोनिया असलेले क्लीनर टाळा, कारण अमोनियाचा वास लघवीच्याच जवळचा असतो.

आता लिफ्ट. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, म्हणजे इमारत सुस्तावलेली असताना सराव करा, आणि उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे जवळ ठेवा. पहिले दोन दिवस फक्त घराच्या दारापासून लिफ्टच्या बंद दारापर्यंत जायचे, तुकडा द्यायचा आणि परत यायचे. त्यानंतर घरातल्या एकाने आत उभे राहून दार उघडे ठेवण्याचे बटण दाबून धरायचे आणि तुम्ही उंबऱ्यापासून चार पावलांवर थांबून तिला फक्त बघू द्यायचे. आतली फरशी गुळगुळीत असेल तर योगासनांची चटई उंबऱ्यावरून आत जाईल अशी अंथरा. पाय घसरत नाही, हा दिलासा मोठा असतो, विशेषतः मोडलेल्या पायाला. एक पाऊल, मग दोन, मग चारही, आणि प्रत्येक वेळी तिला मागे फिरायचे असेल तर फिरू द्यायचे. मागे फिरू दिल्यानेच कुत्री पुढे येते, हे मी अकराच्या अकरा वेळा पाहिले आहे. ती स्वतःहून आत उभी राहून शांतपणे खाऊ लागली, तरच दार बंद करायचे, आणि पहिला प्रवास एकाच मजल्याचा करायचा.

एक धोका मात्र कधीही विसरू नका. पट्टा हातात असताना कुत्री आत आणि माणूस बाहेर, किंवा उलटे, असे असताना दार बंद झाले तर गळफास बसू शकतो. म्हणून पट्टा हाताला एक वेढा देऊन आखूड धरायचा, दार पूर्ण बंद होईपर्यंत नजर दारावर ठेवायची आणि सराव गळपट्ट्यावर नव्हे, छातीला बसणाऱ्या हार्नेसवर करायचा. देशी कुत्र्यांचे डोके निमुळते असते. घाबरून मागे खेचल्यास साधा गळपट्टा कानांवरून सहज निसटतो.

पशुवैद्यक_वाशी:

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. वैद्यकीय बाजू तेवढी मांडतो. उचलताना ताठ होणारी आणि नंतर गुरगुरणारी कुत्री केवळ घाबरलेली आहे असे गृहीत धरू नये, कारण जुळत आलेल्या हाडावर किंवा सुजलेल्या सांध्यावर हाताचा दाब पडत असण्याची शक्यता असते. पुढच्या तपासणीत पशुवैद्यांना हे आवर्जून सांगा, आणि उचलणे अपरिहार्य झाल्यास एक हात छातीखाली व दुसरा मांड्यांमागून घेऊन पाठ आडवी राहील असे उचला. वेदना दिसली म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी मात्र कधीही देऊ नका. माणसाला चालणारी ही औषधे कुत्र्याच्या यकृताला, पोटाला व मूत्रपिंडांना गंभीर इजा करू शकतात.

रेबीजची लस दिली आहे, पण डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिस यांच्या लसी दिल्या आहेत का, हे संस्थेला विचारून घ्या. पावसाळ्यात नवी मुंबईत साचलेल्या पाण्यात उंदरांची लघवी मिसळलेली असू शकते आणि लेप्टो त्यातूनच पसरतो, म्हणून डबक्यातले पाणी पिऊ देऊ नका. कानांच्या आत आणि पायांच्या बोटांमध्ये रोज बोटाने चाचपून गोचीड शोधा. खाणे मंदावले, हिरड्या फिकट दिसू लागल्या किंवा अंगात ताप जाणवला तर गोचीडतापासाठी रक्ततपासणी करून घ्या. आणि कोणालाही दात लागून कातडी फुटली, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. कुत्रीला लस दिली आहे म्हणून थांबू नये.

कोपरीचा_रहिवासी:

सर्वांच्या मताचा आदर राखून थोडे वेगळे लिहितो. माझ्या वडिलांनी गावी आयुष्यभर कुत्री पाळली. कुत्रा पिल्लू असतानाच ते त्याच्या ताटलीत हात घालत आणि गुरगुरला तर ताटली उचलून घेत. घराचा मालक कोण, हे कुत्र्याला पहिल्या आठवड्यातच कळले पाहिजे, नाहीतर पुढे घरातल्या मुलाला चावा बसतो, अशी माझी प्रामाणिक भीती आहे. लाड आणि शिस्त यांचा तोल सुटू नये, एवढेच म्हणायचे आहे.

घोडबंदरकर:

काका, मुलाविषयीची तुमची काळजी योग्यच आहे, आणि त्याच काळजीपोटी मी याच्या उलट सांगते. गुरगुरणे ही चाव्याआधीची सूचना असते. त्याच्याही आधी कुत्रा नजर चुकवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, अंग ताठ करतो, डोळ्यांच्या कडांचा पांढरा भाग दाखवतो. या खुणा आपण वाचल्या नाहीत म्हणून तो आवाज काढतो. त्या आवाजाबद्दल शिक्षा झाली की भीती तशीच राहते, फक्त सूचना मिळणे बंद होते, आणि मग न गुरगुरता चावणारा कुत्रा तयार होतो. ताटली हिसकावणाऱ्या हाताबद्दलचा संशयही तसाच वाढत जातो.

म्हणून ताई, भांडे सरकवू नका. ती खात असताना दोन-तीन हात लांबून जाताजाता भांड्याच्या दिशेने चिकनचा तुकडा टाका आणि न थांबता पुढे जा. आठवडाभरात माणूस जवळून गेला की ती आशेने मान वर करू लागेल. मुलाने मात्र हे करायचे नाही. त्याने तिच्या जेवणाच्या वेळी दुसऱ्या खोलीत असावे. यंत्रामागे बसली असताना तिला कोणीही बाहेर ओढू नये. उलट तिथेच जुनी चादर आणि पाण्याचे भांडे ठेवून तो कोपरा तिचा करून टाका.

पाचपाखाडी_सचिव:

मी ठाण्यातील एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. सातव्या मजल्यावरून कुत्रा आणण्या-नेण्यावरून वाद होण्याची शक्यता असते, म्हणून लिहितो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीव कुत्र्यांना लिफ्ट वापरण्यास सोसायटी मनाई करू शकत नाही, आणि त्यासाठी वेगळे शुल्कही आकारता येत नाही. तरीही शेजाऱ्यांना भीती वाटू शकते, हे मान्य करून सूचना फलकावर चार ओळी लावाव्यात: कुत्री जखमी आहे, लसीकरण झाले आहे, दुपारी दोननंतर पंधरा मिनिटे सराव चालेल. आमच्या इमारतीत अशा एका कागदाने निम्म्या तक्रारी थांबल्या होत्या.

दत्तक देतानाही एक गोष्ट लक्षात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार दत्तक घेतलेला भटका कुत्रा पुन्हा रस्त्यावर सोडता येत नाही. त्यामुळे नव्या घरातील सर्वांची, विशेषतः दिवसभर घरी असणाऱ्यांची संमती आधी घ्यावी.

नेरुळवासी:

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व. पशुवैद्यांनी तपासले तेव्हा मांडीच्या मागच्या बाजूला हात लागताच ती कळवळली. म्हणजे उचलताना तिला खरोखरच दुखत होते, आणि आम्ही ते नऊ दिवस ओळखले नाही, याचे मनापासून वाईट वाटले.

मातीच्या ट्रेवर ती दुसऱ्याच दिवशी गेली. लिफ्टला बारा दिवस लागले. आठव्या दिवसापर्यंत पुढचे दोन पाय आत जायचे आणि मागचे दोन बाहेरच राहायचे. नवव्या दिवशी सासूबाईंनी प्लास्टिकचे स्टूल घेऊन लिफ्टमध्ये एका कडेला बसायचे ठरवले. मी बटण धरले होते, त्या शांतपणे गवार मोडत बसल्या आणि तांबूकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. पाच-सात मिनिटांनी ती चटईवरून आत गेली आणि परातीचा वास घेऊन त्यांच्या पावलांशी उभी राहिली. आम्ही दार बंद केले नाही, तिला बाहेर येऊ दिले. बाराव्या दिवशी ती सातव्यावरून सहाव्या मजल्यावर गेली आणि आता तळमजल्यापर्यंत जाते, मात्र अनोळखी माणूस आत शिरला की माझ्या मागे होते. भांड्याजवळून गेल्यावर ती आता मान वर करून वाट पाहते. यंत्रामागचा कोपरा अजून आहे, पण तिथे ती फक्त विजा कडाडल्यावर जाते.

कासारवडवलीच्या एका कुटुंबाने तिला मागणी घातली आहे. माणसे समजूतदार आहेत, तेही नवव्या मजल्यावर राहतात. त्यांच्या घरात तमिळ बोलतात. आमच्या घरी सगळे शब्द मराठीत आहेत. हे तिला जड जाईल का?

घोडबंदरकर:

जड जाणार नाही, पण कागदावर लिहून द्या: 'ये' म्हटल्यावर ती काय करते, 'थांब' कुठे म्हणता, 'माती' म्हणजे शी-शू, आणि प्रत्येक शब्दासोबत हाताची खूण कोणती. कुत्र्याला शब्दाच्या आधी बहुधा हात कळतो, त्यामुळे खुणा तशाच ठेवल्या तर त्यांना हवे ते तमिळ शब्द हळूहळू जोडता येतील. तिची चादर न धुता पाठवा, ट्रेमधली थोडी माती पिशवीत भरून द्या, आणि पहिला आठवडा तुमच्याकडचेच जेवण त्याच वेळांना देण्याची विनंती करा. लिफ्टचा सराव तिथे पुन्हा बंद दारापासून सुरू करावा लागेल, कारण तिच्या लेखी ती वेगळी पेटी आहे. मात्र या वेळी बहुधा कमी दिवस लागतील. शक्य झाल्यास सासूबाईंना पहिल्या दिवशी सोबत घेऊन जा.

आणि पहिले पंधरा दिवस बाहेर नेताना दोन पट्टे लावायला सांगा, एक हार्नेसला आणि एक गळपट्ट्याला. मी दिलेला एक कुत्रा नव्या घरी तिसऱ्या दिवशी दारातून निसटला होता, आणि चौथ्या रात्री तो आमच्या इमारतीच्या फाटकाशी बसलेला आमच्या वॉचमनला सापडला.