नवीन हॉटेल शोधणं मी सोडून दिलंय. कुणाला पटतंय का?

पावणेआठ (धागाकर्ता)

परवाच्या रविवारी भाच्याने आम्हा दोघांना जेवायला नेलं. लोअर परळला कुठेतरी, नाव राहू दे. दारातल्या मुलीने आधी बुकिंग विचारलं, मग टेबल दीडच तास मिळेल असं बजावलं. मेनूकार्ड नव्हतंच. टेबलावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवलेला, त्याच्यावर मोबाइल धरून वाचायचं. माझा चष्मा घरी. भाचा वाचत गेला, मला मध्येच 'ठेचा' असा ओळखीचा शब्द ऐकू आला, मी म्हटलं तेच सांग. काळ्या पाटीवर पनीरचे सहा तुकडे आले आणि नखाएवढा ठेचा. वाईट नव्हतं. पण घरी येऊन मी ताकभात जेवलो.

आता माझं सांगतो. गेली २६ वर्षं मी दादरच्या एका उपाहारगृहात जातो. दादरला नावाजलेल्यांना तोटा नाही. मामा काण्यांचं १९१० पासून उभं आहे, प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पीयूष आहे, आस्वादच्या मिसळीला तर २०१५ मध्ये लंडनला पुरस्कार मिळाला. माझं हॉटेल यांतलं नाही. त्याच्यावर कुणी काही लिहिलेलं नाही आणि कृपा करून लिहूही नये.

मी बसलो की पाणी येतं, मग थालीपीठ आणि लोण्याचे दोन गोळे. तोंड उघडावं लागत नाही. वर्षाकाठी एखाद-दोनदा थालीपीठ येतच नाही. वाढणारे मामा येतात, टेबल पुसल्यासारखं करत हळूच म्हणतात, "आज भाजणी जाडी दळून आलीय साहेब, मिसळ सांगू?" आपल्याच हॉटेलातला पदार्थ आज खाऊ नका, असं त्या लोअर परळात कोण सांगणार आहे?

बाहेर जेवायला गेल्यावर काही निवडावंच लागू नये, याला मी चैन म्हणतो. नव्याच्या मागे पळणाऱ्यांनी बोला.

नवलाई

बोलतो. दादरवरून पुढच्या स्टेशनावर उतरा. माटुंग्याचं रामाश्रय १९३९ चं, कॅफे मद्रास १९४० चं, राम नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. आज आपण 'आमचं माटुंगा' म्हणून रविवारी सकाळी तिथे रस्त्यावर पाऊण पाऊण तास ताटकळतो. पण त्या काळी दादरचा कुणी मराठी कारकून पहिल्यांदा आत शिरला असेल तेव्हा रसम प्यायचं की भातावर ओतायचं, इथून त्याची सुरुवात असणार. 'आपलं थालीपीठ बरं' म्हणून तो दारातूनच परतला असता, तर आज तुमच्या-माझ्या घरी इडलीचं पीठ भिजत नसतं. तुमचं प्रत्येक 'नेहमीचं' हॉटेल कुणाच्या तरी आजोबांसाठी नवं आणि संशयास्पद होतं.

मी पुण्यात असतो. इथे सगळ्या महाराष्ट्रातून पोरं नोकरीला येतात आणि त्यांच्या मागोमाग त्यांचं जेवण येतं. गेल्या वर्षभरात मी जळगावकडची शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि वऱ्हाडातला पाटवडी रस्सा जेवलो. यांतलं काहीच माझ्या आईने कधी केलं नव्हतं. दोन ठिकाणी भिकार जेवलो, ते पैसे गेले. पण कळण्याची भाकरी कळली! नाचणी-ज्वारीवर वाढलेल्या माणसाला ज्वारी आणि उडीद एकत्र दळता येतात हे चाळिशीत समजावं, यात मला लाज वाटली आणि मजाही आली.

काका, नोकरीतून निवृत्त व्हा, जिभेला पेन्शनीत काढू नका.

कोल्हापुरी_कट

नवलाई भावा, 'तेच तेच' म्हणणं सोपं आहे. एकदा पहाटे मिसळीच्या भटारखान्यात उभा राहा.

आमच्यात मिसळीबरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेड. खाली मटकी, मग बटाट्याची भाजी, चिवडा, शेव, कांदा आणि वरून कट, म्हणजे तिखट रस्सा. सगळा खेळ त्या कटाचा. कांदा-खोबरं भाजताना जरा लक्ष हललं की सगळं पातेलं कडू. मिरची दर साली सारखी उतरत नाही. ब्याडगी रंगाला घ्यायची, तिखटाला दुसरी, आणि एका सालचं प्रमाण पुढच्या साली लागू पडेलच असं नाही. उन्हाळ्यात करून ठेवलेली कांदा-लसूण चटणी पावसाळ्यात वेगळी बोलते. तरी मार्चचा कट आणि ऑगस्टचा कट गिऱ्हाइकाच्या जिभेला एकच लागला पाहिजे. तुला वाटतंय तोच पदार्थ आला. तोच आणायला मालकाला रोज नवा हिशोब घालावा लागतो.

बाकी फडतरे, चोरगे, बावडा, खासबाग यांत खरी कुठली, हे इथे विचारू नका. चौघांची चार उत्तरं येतील आणि धागा कुलूप लावून बंद करावा लागेल. मी ज्या ठिकाणी जातो तिथे माझे वडील जायचे. ते गेल्यावर बाराव्या दिवशी मी एकटाच तिथे जाऊन बसलो होतो. मालकाने काही विचारलं नाही, पैसे घेतले नाहीत. आता सांग, हे मला नव्या हॉटेलात कुठल्या पानावर मिळणार?

एक्स्ट्रा_पाव

धागाकर्ते, २६ वर्षांत एकदा तरी जादा लोणी फुकट मिळालं का? एवढंच विचारायचं होतं.

पदर_खोचून

सगळे पुरुष बोलून झाले असतील तर मी बोलते.

१९८४ मध्ये लग्न होऊन गिरगावात आले. आमच्या ह्यांचा नेहमीचा इराणी होता. ब्रून मस्का, पानी कम चहा, संगमरवरी टेबल आणि कॉलेजपासूनचे मित्र. मी बरोबर असले की आम्हाला जिन्याने वर, 'फॅमिली'त पाठवायचे. पोटमाळा, पंख्याचा आवाज, लाकडी पार्टिशन. खाली मालक ह्यांची चौकशी करायचा, वर पोऱ्या येऊन म्हणायचा "बोलो". एकटी बाई खालच्या टेबलावर चहा घेऊन अर्धा तास पेपर वाचत बसलेली मी त्या काळात पाहिली नाही. 'नेहमीचं गिऱ्हाईक' व्हायला नेहमी तिथे बसता यावं लागतं, पावणेआठ. तुम्हाला बसता आलं.

आणि दुसरं. माझ्या सासरची एक नातेवाईक बाई लालबागला खानावळ चालवायची, एका खोलीत. गिरणीच्या पाळीप्रमाणे माणसं जेवायला येत. तुम्ही सगळे ज्याला 'घरगुती चव' म्हणता ती अशा बायकांच्या हातची. प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना सावकाराकडून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. मग १९८२ चा संप आला, जेवणारे गावी निघून गेले आणि हिच्या चुलीवर मोठं पातेलं चढायचं थांबलं. पंचवीसेक वर्षं ती दुसऱ्यांना 'नेहमीचं' वाढत होती. तिचं स्वतःचं नेहमीचं हॉटेल कुठलं होतं? कुणी विचारलंच नाही.

मला हॉटेलात जाण्याचं सुख एकच. खाऊन झाल्यावर खरकटी थाळी तिथेच ठेवून उठायचं. मग ते नवं असो, जुनं असो, दगडावर पनीर देवोत नाहीतर विटेवर. धागाकर्त्यांनी 'आम्हा दोघांना' लिहिलंय. दुसरीला लोअर परळ कसं वाटलं ते लिहिलेलं नाही. २६ वर्षांत तुमच्यासमोर बसून वहिनी काय खातात?

पावणेआठ

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी जरा वेळ गप्प बसलो. ही माझ्याबरोबर महिन्यातून एखादा रविवार येते. ती काय खाते? थालीपीठच खाते. कारण मामा दोन थालीपिठं आणतात. म्हणजे, मला वाटायचं तिला आवडतं.

आत्ता विचारलं. "भाजणी आपल्या घरची चांगली असते," एवढंच म्हणाली आणि गॅस बंद करायला गेली.

(एक्स्ट्रा_पाव : नाही. एकदाही नाही.)

गल्ल्यावरून

मी १९ वर्षं गल्ल्यावर बसलो, आता मुलगा बसतो. पुण्यात, पेठेत. नाव सांगत नाही, जाहिरात वाटेल.

नेहमीच्या गिऱ्हाइकाचं कौतुक ऐकून बरं वाटलं, पण आमच्या बाजूनेही बघा. नेहमीचा माणूस एक चहा घेऊन तास बसतो, त्याला उठवता येत नाही, आणि दारात सहा जणांचं कुटुंब उभं असतं. वरून, पाच रुपये वाढवले की पहिला आवाज त्याचाच. नवा माणूस पाटी वाचून मुकाट पैसे देतो.

पुण्याच्या पाट्यांवर हसता, ठीक आहे. पण 'मिसळ संपली' या पाटीमागे काय असतं ते ऐका. मटकी भिजवून, उपसून, बांधून मोड यायला दीड दिवस तरी जातो, थंडीत त्याहून जास्त. म्हणजे रविवारी सकाळी किती माणसं येतील याचा अंदाज मी शुक्रवारी रात्री घ्यायचा. पाऊस असेल का, मॅच आहे का, लागून सुट्टी आली म्हणून लोक महाबळेश्वरला पळणार का. कमी भिजवली तर साडेदहाला पाटी लावावी लागते आणि लोक म्हणतात माज आलाय. जास्त भिजवली तर दुपारी ती आंबूस होते आणि नुकसान माझं. त्या अंदाजात माझा एकच आधार असतो, ठरलेली माणसं. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खुर्चीत येणारी तीस-चाळीस डोकी. त्यांच्यावर माझं पातेलं मोजलं जातं. म्हणून आम्ही त्यांचा तासभराचा चहा सहन करतो.

धागाकर्त्यांच्या मामांनी भाजणीचं खरं सांगितलं, ते प्रेमापोटी सांगितलं असं मला वाटत नाही. २६ वर्षांचं माणूस एका जाड्या थालीपिठापायी तुटू नये, एवढा साधा धंदा आहे त्यात. राग नको.

पावणेआठ

राग नाही. धंदा तर धंदा. मला खरं कळलं ना?

धोबीतलाव

माझा मुद्दा थोडा तिरकस आहे. जुनं हॉटेल बंद झालं की इथे गळे काढणारे धागे निघतात. गिरगावात खोताच्या वाडीतलं अनंताश्रम गेलं तेव्हा मीही रडलो होतो. मग मोजलं, शेवटच्या पाच वर्षांत मी तिथे एकदा गेलो होतो. एकदा! कयानी हे इराणी हॉटेल १९०४ पासून धोबी तलावाला उभं आहे. माझ्या ऑफिसपासून चालत सात मिनिटं, आणि मी डबा खातो. धागाकर्ते निदान जातात तरी. आपल्यापैकी बरेच जण जुन्या हॉटेलांवर प्रेम करतात ते घरात बसून, पार्सल मागवत.

नवलाई

गल्ल्यावरून यांचं मटकीपुराण सगळ्यांत आवडलं, आणि ते माझ्या बाजूचं आहे असं मी बेधडक म्हणतो. कारण ठरलेली चाळीस डोकी कधीतरी संपतात. वय असतं त्यांना. तेव्हा दारात उभं असलेलं सहा जणांचं कुटुंबच आत यायला हवं. ते कुटुंब म्हणजे आम्ही, भटकणारे. आम्ही कुठेतरी पहिल्यांदा शिरतो म्हणून कुणाचं तरी 'नेहमीचं' सुरू होतं.

कोल्हापुरी भावा, बाराव्याची गोष्ट वाचली. तिच्यावर मी वाद घालणार नाही. पुढच्या महिन्यात तिकडे येतोय, तुझं ठिकाण मला खासगी निरोपात कळव. कट आधी नुसता मागायचा ना?

कोल्हापुरी_कट

नुसताच मागायचा. तिखट लागायच्या आधी मसाल्याचा वास आला तर बस, नाहीतर उठून मला फोन कर. आणि नऊच्या आत ये. साडेनऊला गर्दीत तुझं कोण ऐकणार नाही.

पावणेआठ

पदर_खोचून ताईंसाठी लिहितोय, बाकीच्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

काल हिला घेऊन गेलो. ठरवून गेलो होतो की आज मेनूकार्ड मागायचं आणि तिच्या हातात द्यायचं. बसलो, पाणी आलं. मी मामांना म्हटलं, "मामा, आज कार्ड आणा, वहिनी निवडणार आहेत."

मामा माझ्याकडे बघायलाच तयार नाहीत. तिला म्हणाले, "वहिनी, कशाला कार्ड? बुधवारचंच सांगू ना?"

तर असं आहे की दर बुधवारी दुपारी हिच्या भिशीच्या पाच जणी तिथे जातात. किती वर्षं, असं विचारलं तर म्हणाली, "धाकटी दहावीला होती तेव्हापासून." धाकटीला आता स्वतःची मुलगी आहे. मला कधी बोलली नाहीस? तर म्हणे तुम्ही कधी विचारलंत?

तिच्यासमोर दडपे पोहे आले, वर तळलेली मिरची, ओलं खोबरं भरपूर. मी एक चमचा मागून खाल्ला. नंतर तिला अर्धा कप कॉफी आली. मी २६ वर्षं जातोय. तिथे कॉफी मिळते हे मला माहीत नव्हतं.

एक्स्ट्रा_पाव

वहिनींना जादा खोबरं फुकट मिळतं असं दिसतंय.